पुरस्कार नाशिकचा, इंग्रजी कोणाचे?

एक वर्षाआड कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार जाहीर झाला की नाशिककरांना मनोमन आनंद होतो. तात्यासाहेब शिरवाडकरांच्या कर्मभूमीत, गोदाकाठी, मराठीतील एका ज्येष्ठ साहित्यिकाचा सन्मान होणार असतो. गावातील वाचनालयांत, कट्ट्यांवर, महाविद्यालयांच्या प्राध्यापक-कक्षांत त्या नावाची चर्चा होते. मात्र हीच वार्ता इंग्रजीत उतरते तेव्हा तिचे रूप पालटते. एखाद्या वृत्तात तो ‘अ लोकल अवॉर्ड’ होतो, एखाद्या परिचयपत्रात ‘रिजनल अवॉर्ड’ होतो, तर कुठे अतिउत्साहात ‘प्रेस्टिजिअस नॅशनल लेव्हल अवॉर्ड’ होतो. यातील एकही वर्णन नेमके नाही. पहिल्या दोहोंत न्यूनगंड आहे, तिसऱ्यात फुशारकी आहे, आणि तिन्हींमागे इंग्रजीच्या जाणकारीचा अभाव आहे.

शब्दाचा हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि आज मध्यमवर्गीय मराठी घरातील मुलगा पुण्याहून बंगळूरला आणि तेथून परदेशी जातो, तेव्हा त्याचा परिचय इंग्रजीतूनच होतो. शाळेतील वक्तृत्व स्पर्धेचे पारितोषिक, विद्यापीठाचे पदक, संस्थेने दिलेला गौरव हे सारे त्या एका कागदावर असते. तो कागद वाचणारी व्यक्ती नाशिक कोठे आहे हेही जाणत नाही. तिच्यापुढे केवळ शब्द असतात. शब्द फिका असेल तर खरे कर्तृत्व झाकोळते, आणि फुगवलेला असेल तर खऱ्या कर्तृत्वाविषयीही संशय उत्पन्न होतो. एकीकडे आपलेच मोठे आपण लहान करून सांगावयाचे आणि दुसरीकडे लहान ते मोठे करून सांगावयाचे, असा हा दुहेरी तोटा आहे.

जनस्थानचेच उदाहरण पाहावे. पहिला जनस्थान पुरस्कार १९९१ साली विजय तेंडुलकरांना प्रदान झाला. १९९३ चे मानकरी विंदा करंदीकर होते आणि १९९५ च्या मानकरी बेळगावच्या इंदिरा संत. पुढे नारायण सुर्वे, नाशिकचेच बाबुराव बागूल, ना. धों. महानोर, महेश एलकुंचवार, भालचंद्र नेमाडे, अरुण साधू, विजया राजाध्यक्ष अशी ही मालिका वाढत गेली. यांतील करंदीकरांना नाशिकने गौरविल्यानंतर दशकभराने २००३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार घोषित झाला. नेमाडे यांना जनस्थान २०१३ मध्ये मिळाला आणि पाठोपाठ २०१४ सालच्या ज्ञानपीठाने त्यांचा सन्मान झाला. म्हणजे दिल्लीने जे ओळखले ते नाशिकने आधी ओळखले होते! अशा पुरस्काराला ‘लोकल’ म्हणताना लेखणी थोडी तरी अडखळावयास हवी.

‘लोकल’ हा शब्द मुळात वाईट नाही. एखाद्या गावातील गणेशोत्सव मंडळाने त्याच गावातील गुणवंत विद्यार्थ्याला दिलेला पुरस्कार स्थानिकच असतो आणि तो तसा म्हणवून घेण्यात कमीपणा नाही. परंतु पुरस्कार देणारी संस्था एका गावची असणे आणि पुरस्काराची कक्षा त्या गावापुरती असणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत. इंग्रजी भाषेत ‘लोकल अवॉर्ड’ म्हटले की वाचकाला दुसरा अर्थ प्रतीत होतो. बेळगावच्या कवयित्रीला आणि सांगवीच्या नेमाड्यांना मिळणारा पुरस्कार नाशिकपुरता कसा असेल? येथे पुरस्कार ‘नाशिकचा’ आहे, ‘नाशिकपुरता’ नाही. मराठीत षष्ठी विभक्तीचा एक प्रत्यय हा भेद सांभाळतो. इंग्रजीत तो सांभाळावयाचा तर देणाऱ्याचे नाव घ्यावे लागते. ‘द जनस्थान अवॉर्ड, गिव्हन एव्हरी टू इयर्स बाय द कुसुमाग्रज प्रतिष्ठान, नाशिक’ एवढे लिहिले की काम झाले. यात ‘लोकल’ नाही, ‘नॅशनल’ नाही, आणि वाचणाऱ्याला कळावयाचे ते सर्व कळते.

जगातील मोठ्या पुरस्कारांची रीत हीच आहे. फ्रान्सचा गोंकूर पुरस्कार १९०३ पासून दिला जातो. दहा सदस्यांची एक अकादमी पॅरिसमधील एका उपाहारगृहात जमून तो ठरविते आणि विजेत्याच्या हाती अवघ्या दहा युरोंचा धनादेश पडतो. त्याला कोणी ‘पॅरिसचा स्थानिक पुरस्कार’ म्हणत नाही. अमेरिकेतील पुलित्झर पारितोषिके १९१७ पासून न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ देते, तरी ती ‘विद्यापीठस्तरीय’ ठरत नाहीत. आपल्याकडील ज्ञानपीठ तरी काय आहे? तो भारत सरकारचा पुरस्कार नव्हे. साहू-जैन कुटुंबाने स्थापिलेल्या भारतीय ज्ञानपीठ या न्यासाचा तो पुरस्कार आहे, आणि १९६५ चा पहिला मान मल्याळम कवी जी. शंकर कुरूप यांना मिळाल्यापासून त्याने आपली प्रतिष्ठा निवडीच्या बळावर मिळविली. त्याच्या नावात ‘राष्ट्रीय’ हा शब्द कोठेही नाही. ज्याला तो शब्द लावावा लागतो त्याच्याकडे संशयाने पाहावे, अशी वेळ अलीकडे आली आहे.

‘जनस्थान’ या नावाविषयीही एक सावधगिरी आवश्यक आहे. रामायणात खर-दूषणांच्या वास्तव्याचे जे स्थान वर्णिले आहे तेच हे जनस्थान, आणि परंपरेने ते पंचवटी-नाशिकच्या परिसराशी जोडलेले आहे. कोणी हौसेने त्याचे ‘पीपल्स प्लेस’ असे भाषांतर करील तर अर्थाचा अनर्थ होईल. विशेषनामांचे भाषांतर करावयाचे नसते. प्रतिष्ठानचाच दुसरा सन्मान, संगीत-नृत्यापासून क्रीडा-विज्ञानापर्यंतच्या विविध क्षेत्रांतील मंडळींना दिला जाणारा ‘गोदावरी गौरव’, हाही इंग्रजीत ‘गोदावरी गौरव’ म्हणूनच जावा. त्याला ‘प्राइड ऑफ गोदावरी’ करण्याचे कारण नाही. ‘महाराष्ट्र भूषण’चे ‘ज्युएल ऑफ महाराष्ट्र’ आणि ‘जीवनगौरव’चे ‘लाइफ प्राइड’ हेही असेच हास्यास्पद होतात. जीवनगौरवाला ‘लाइफटाइम अचीव्हमेंट’ हा रूढ प्रतिशब्द आहे, तो वापरावा. विशेषनाम मात्र जसेच्या तसे ठेवावे आणि लागलेच तर पुढे एका वाक्यात ते कशासाठी दिले जाते हे सांगावे.

आता स्तरांकडे वळू. तालुकास्तरीय, जिल्हास्तरीय, विभागस्तरीय, राज्यस्तरीय ही मराठी शब्दांची उतरंड शासकीय कारभारातून आली आणि शाळांच्या सूचनाफलकांवर स्थिरावली. तिचे इंग्रजी करताना सर्वांत मोठा घोळ होतो तो ‘विभागीय’ या शब्दापाशी. मराठीत ‘विभाग’ हा एकच शब्द दोन कामे करतो. नाशिक विभाग म्हणजे नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर, ज्याला २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणत, या पाच जिल्ह्यांचा महसुली विभाग. त्याच्या प्रमुखाला विभागीय आयुक्त म्हणतात आणि इंग्रजीत ‘डिव्हिजनल कमिशनर’. दुसरीकडे शिक्षण विभाग, आरोग्य विभाग, वन विभाग हे शासनाचे विभाग आहेत. त्यांना इंग्रजीत ‘डिपार्टमेंट’ म्हणतात. नाशिक विभागाच्या पाच जिल्ह्यांतून पहिला आलेला विद्यार्थी आपल्या परिचयपत्रात जेव्हा ‘डिपार्टमेंटल अवॉर्ड’ लिहितो, तेव्हा परगावच्या वाचणाऱ्याला वाटते की आपल्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या विभागात हा पहिला आला असावा. पाच जिल्ह्यांचे यश वीस जणांच्या वर्गात कोंडले जाते. सरकारी नोकरीतील माणसाच्या बाबतीत तर अधिकच पंचाईत, कारण ‘डिपार्टमेंटल’ म्हटले की पुढचा शब्द ‘एन्क्वायरी’ असावा अशी शंका कोणालाही येईल. योग्य शब्द ‘डिव्हिजनल’ हा होय, किंवा त्याहूनही उत्तम म्हणजे ‘नाशिक डिव्हिजन’ असे स्पष्ट नाव.

‘रिजनल’ या शब्दाचे काम आणखी निराळे आहे. प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्याच्या फलकावर तो शोभतो, कारण तेथे त्याचा अर्थ एका ठरावीक भूप्रदेशाचा कार्यालयीन विभाग एवढाच असतो. परंतु भाषा, साहित्य आणि चित्रपट यांच्या संदर्भात या शब्दाला एक वेगळा वास येतो. मराठी चित्रपटाला ‘रिजनल फिल्म’ म्हणण्याची सवय इंग्रजी वृत्तपत्रांना फार जुनी आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा प्रारंभ १९५४ साली झाला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. पुढे २००३ सालासाठी ‘श्वास’, २०१४ सालासाठी ‘कोर्ट’ आणि २०१६ सालासाठी ‘कासव’ हे मराठी चित्रपट देशातील सर्वोत्कृष्ट ठरले. २०११ सालचा मान ‘देऊळ’ने विभागून घेतला. सर्व भाषांच्या स्पर्धेत जो देशात पहिला आला तो चित्रपट ‘रिजनल’ कसा? आणि मराठी भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा जो स्वतंत्र पुरस्कार असतो, तोही राष्ट्रीय पुरस्कारच असतो. भाषा मराठी आहे, पुरस्कार राष्ट्राचा आहे.

हीच गोष्ट साहित्य अकादमीची. अकादमी आज चोवीस भाषांत पुरस्कार देते. १९५५ साली मराठीतील पहिला पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला मिळाला आणि १९७४ चा ‘नटसम्राट’साठी शिरवाडकरांना. याला इंग्रजीत ‘साहित्य अकादमी अवॉर्ड फॉर मराठी’ म्हणतात. ‘रिजनल साहित्य अकादमी अवॉर्ड’ अशी वस्तूच अस्तित्वात नाही, तरी ती अधूनमधून छापली जाते. संविधानाच्या सतराव्या भागातील एका प्रकरणाला ‘रिजनल लँग्वेजेस’ असे शीर्षक आहे हे खरे, पण ते राज्यकारभाराच्या भाषेपुरते आहे. आठव्या अनुसूचीत बावीस भाषा एकाच ओळीने बसल्या आहेत. श्रीगुरुजी गोळवलकर भारतातील सर्वच भाषांना राष्ट्रीय भाषा मानत असत, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही दिला. असे असता आपणच आपल्या भाषेतील सन्मानाला ‘रिजनल’ म्हणून कोपऱ्यात बसवावे, हा दोष इंग्रजीचा नाही.

‘राज्यस्तरीय’ आणि ‘राष्ट्रीय’ यांच्या बाबतीत दोष उलट दिशेचा असतो. मोठ्या अक्षराने आरंभ होणारा ‘स्टेट अवॉर्ड’ म्हटला की इंग्रजी वाचक तो राज्य शासनाचा मानतो. १९९६ साली पु. ल. देशपांडे यांच्यापासून सुरू झालेला महाराष्ट्र भूषण किंवा क्रीडापटूंचा शिवछत्रपती पुरस्कार हे खरे ‘स्टेट अवॉर्ड’. खाजगी संस्थेने राज्यभरातून प्रवेशिका मागवून घेतलेल्या स्पर्धेचा पुरस्कार हा ‘स्टेट-लेव्हल’ असू शकतो, ‘स्टेट’ नव्हे. तसेच ‘नॅशनल अवॉर्ड’ म्हटले की भारत सरकारचा असा अर्थ आपल्या देशात रूढ आहे. शिक्षकांना राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जाणारा राष्ट्रीय पुरस्कार किंवा चित्रपटांचे राष्ट्रीय पुरस्कार ही त्याची उदाहरणे. ‘अखिल भारतीय’ हा शब्दही ‘नॅशनल’चा समानार्थी नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, जे २०२१ च्या डिसेंबरमध्ये डॉ. जयंत नारळीकर यांच्या अध्यक्षतेखाली नाशिकला भरले, ते अखिल भारतीय आहे कारण भारतभरचे मराठी भाषक त्यात येतात; ते सरकारी नाही. इंग्रजीत ‘ऑल इंडिया’ हा शब्द त्यासाठी उपलब्ध आहे आणि तो पुरेसा आहे.

या गोंधळाचा लाभ घेणारा एक व्यवसायच आता उभा राहिला आहे. भारदस्त इंग्रजी नावाची एखादी संस्था दूरध्वनी करते, आपली निवड ‘नॅशनल अवॉर्ड’साठी झाल्याचे कळविते, आणि नोंदणीशुल्क, भोजनशुल्क, स्मृतिचिन्हाचे शुल्क अशी रक्कम मागते. दिल्लीच्या किंवा मुंबईच्या उपाहारगृहात समारंभ होतो, छायाचित्र निघते, आणि गावी परतल्यावर चौकात अभिनंदनाचा फलक लागतो. ज्याने चाळीस वर्षे प्रामाणिकपणे विद्यादान केले असा शिक्षकही कधी या मोहात सापडतो. त्याला जिल्हा परिषदेने दिलेला आदर्श शिक्षक पुरस्कार निखळ सोन्याचा असतो, पण तो इंग्रजीत ‘लोकल’ वाटतो म्हणून तो त्या मुलाम्याच्या वस्तूमागे झाकला जातो. शासनाच्या पाठबळाचा आभास निर्माण करणारी नावे व्यापार-व्यवसायात वापरण्यास १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापराविषयीच्या कायद्याने बंदी घातली आहे. कायदा आपल्या जागी आहे. परंतु शब्दांचा अर्थ जाणणारा नागरिक अशा आमंत्रणाला मुळातच बळी पडत नाही.

नाशिकच्या संदर्भात हे अधिकच बोचते, कारण अशा नावांच्या वापरात ज्यांचे नाव पुष्कळदा घेतले जाते ते दादासाहेब फाळके याच जिल्ह्याचे सुपुत्र. त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी त्यांचा जन्म झाला, १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्यावर त्यांनी आपला चित्रपट-कारखाना नाशिकलाच आणला आणि १९४४ साली याच नगरीत त्यांनी देह ठेवला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभे आहे. भारत सरकारने १९६९ साठी पहिला दादासाहेब फाळके पुरस्कार देविकाराणींना दिला, आणि चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च सन्मान तोच. फाळक्यांचे नाव धारण करणारे इतरही खाजगी पुरस्कार आज दिले जातात. त्यांतील एखादा कोणाला मिळाला की वृत्तात केवळ ‘दादासाहेब फाळके अवॉर्ड’ असे छापले जाते आणि वाचक समजतो की भारत सरकारने हा सन्मान केला. येथेही उपाय तोच, देणाऱ्याचे पूर्ण नाव. शासनाचा असेल तर शासनाचा, संस्थेचा असेल तर त्या संस्थेचा. जे पुरस्काराचे नाव सांगतात पण देणाऱ्याचे टाळतात, त्यांच्या मनात काय असते हे सांगावयास नको.

शब्दांचा हा भाग झाला; व्याकरणाचाही थोडा विचार करावयास हवा. मराठी माणसाच्या इंग्रजीत ‘ही वॉज अवॉर्डेड विथ द प्राइझ’ हे वाक्य हमखास आढळते. हा ‘विथ’ कोठून आला? तो आपल्या तृतीया विभक्तीतून आला. ‘पुरस्काराने सन्मानित’ यातील ‘ने’ इंग्रजीत ‘विथ’ होऊन उतरतो. ‘ऑनर्ड विथ’ म्हणताना तो चालतो, कारण तेथे अर्थ ‘सन्मानित’ हाच आहे. ‘अवॉर्डेड’ला मात्र तो लागत नाही, ‘ही वॉज अवॉर्डेड द प्राइझ’ एवढेच शुद्ध. ‘कन्फर’ या क्रियापदाची गत याहून बिकट. सन्मान व्यक्तीवर ‘कन्फर’ होतो, व्यक्ती सन्मानाने ‘कन्फर’ होत नाही. म्हणून ‘तेंडुलकर वॉज कन्फर्ड विथ’ हे चुकीचे आणि ‘द अवॉर्ड वॉज कन्फर्ड ऑन तेंडुलकर’ हे बरोबर. ‘जिल्हा पातळीवर’ यातील ‘वर’ पाहून ‘ऑन डिस्ट्रिक्ट लेव्हल’ लिहिले जाते. तेथे ‘अ‍ॅट द डिस्ट्रिक्ट लेव्हल’ हवे. ‘रिवॉर्ड’ आणि ‘अवॉर्ड’ यांची सरमिसळही टाळावी. पोलीस फरारी आरोपीचा ठावठिकाणा सांगणाऱ्यास जे इनाम जाहीर करतात ते ‘रिवॉर्ड’. साहित्यिकाला ‘रिवॉर्ड’ दिल्याचे वाचून इंग्रज मनुष्य चकित होईल.

एका ठिकाणी तर मराठी शब्द इंग्रजीहून सरस आहे आणि तरी आपण त्याचे कनिष्ठ भाषांतर मुकाट्याने स्वीकारले आहे. स्पर्धेत पहिल्या तिघांनंतर जे पारितोषिक दिले जाते त्याला मराठीत ‘उत्तेजनार्थ’ म्हणतात. त्यात पुढच्या वर्षासाठी पाठीवर थाप आहे. इंग्रजीत त्याला ‘कन्सोलेशन प्राइझ’ म्हणतात, म्हणजे सांत्वनपर! जणू त्या मुलावर काही आपत्ती कोसळली आहे. इंग्रजीतच ‘हायली कमेंडेड’ किंवा ‘ऑनरेबल मेन्शन’ असे सुरेख प्रयोग आहेत, ते शाळांनी प्रमाणपत्रांवर का छापू नयेत?

‘प्रेस्टिजिअस’ या विशेषणाबद्दल एक गमतीची नोंद येथे करणे अस्थानी होणार नाही. ज्या लॅटिन शब्दापासून ते आले त्याचा अर्थ गारुड, नजरबंदी असा होता, आणि जुन्या इंग्रजीत या शब्दाने फसवा असाच अर्थ निघे. तो अर्थ आता लोपला. तरीही पाचशे रुपये भरून मिळविलेल्या पुरस्कारामागे हे विशेषण दिसले की त्या मूळ अर्थाची आठवण होते.

सन्मान नावाला चिकटविण्याची आपली हौसही तपासून पाहिली पाहिजे. ‘पद्मश्री अमुक’, ‘पद्मभूषण तमुक’ असे निमंत्रणपत्रिकांवर सर्रास छापले जाते. संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने राज्याने खिताब देण्यास मनाई केली आहे. अपवाद केवळ सैनिकी आणि शैक्षणिक मानांचा. पद्म पुरस्कार हे त्या मनाईत येतात काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा १९९५ च्या बालाजी राघवन प्रकरणात न्यायालयाने निर्णय दिला की, हे पुरस्कार खिताब नव्हेत, परंतु म्हणूनच ते नावाच्या आधी वा नंतर लावता कामा नयेत. म्हणजे ‘पद्मश्री’ हे उपपद लावणारा भक्त आपल्या आदरमूर्तीला नकळत नियमभंगात ओढतो. रावसाहेब आणि रावबहादूर हे इंग्रज सरकारचे खिताब नावाआधी लागत. ती सवय त्या राजवटीची आहे आणि स्वतंत्र देशाने ती कधीच सोडावयास हवी होती. इंग्रजीत ‘रेसिपिएंट ऑफ द पद्मश्री’ असे लिहावे आणि मराठीत ‘पद्मश्री पुरस्काराचे मानकरी’. नाशिकच्या कविता राऊत किंवा चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे नौकानयनपटू दत्तू भोकनळ यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, २०१२ आणि २०२० साली. त्यांच्या नावाआधी कोणी ‘अर्जुन’ लावत नाही आणि त्यामुळे त्यांचा मान कमी झालेला नाही.

मराठीच्या अभिमान्यांनी इंग्रजीच्या शुद्धतेचा एवढा विचार का करावा, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर नाशिकपासून जवळच असलेल्या भगूरमध्ये जन्मलेल्या एका महापुरुषाच्या जीवनात आहे. महापौर, दिनांक, क्रमांक, चित्रपट, दिग्दर्शक हे आज प्रत्येकाच्या जिभेवर असलेले शब्द रुजविणारे, भाषाशुद्धीसाठी टीका आणि थट्टा सोसणारे स्वातंत्र्यवीर सावरकर इंग्रजीचे वैरी नव्हते. ‘हिंदुत्व’ हा १९२३ चा ग्रंथ आणि ‘हिंदुपदपादशाही’ हा १९२५ चा ग्रंथ त्यांनी इंग्रजीतच लिहिले. मराठी लिहिताना मराठी आणि इंग्रजी लिहिताना इंग्रजी, हा त्यांचा बाणा होता. आजची अडचण ही की आपल्या मराठीत इंग्रजी शिरले आहे आणि इंग्रजीत मराठीची विभक्ती शिरली आहे. दोन्हींचा कस उतरला आहे. ज्या मुलाला ‘पुरस्काराने’ यातील तृतीया ओळखता येते, त्याला ‘विथ’ची चूक समजावून देण्यास दोन मिनिटे लागतात. ज्याला मराठीचे व्याकरण कधी शिकविलेच नाही, त्याला ती चूक आयुष्यभर दिसत नाही.

हे काम घरोघरी आणि शाळाशाळांत होण्यासारखे आहे. नाशिकमध्ये १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्था आहेत, प्रतिष्ठाने आहेत, शतकाची वाटचाल केलेल्या शिक्षणसंस्था आहेत. प्रत्येक संस्थेने आपल्या पुरस्काराचे अधिकृत इंग्रजी वर्णन एकदाच, जाणकारांकडून, दोन ओळींत तयार करून घ्यावे आणि सन्मानपत्राच्या पाठीमागे छापावे. त्यात पुरस्काराचे मूळ नाव असावे, देणाऱ्या संस्थेचे नाव व गाव असावे, तो कशासाठी आणि कोणाला दिला जातो हे असावे, आणि वर्ष असावे. वर्षाबाबतही दक्षता हवी. विंदांचा ज्ञानपीठ २००३ सालचा, पण प्रदान झाला २००६ मध्ये. अशा वेळी दोन्ही वर्षे द्यावीत, म्हणजे पुढील काळात वाद उरत नाही. मानकऱ्याने तो मजकूर उचलून आपल्या परिचयपत्रात घातला की झाले.

ज्या शिक्षकाला ५ सप्टेंबरला जिल्हा परिषदेचा पुरस्कार मिळाला असेल, त्याच्या मुलाने किंवा मुलीने इंग्रजी परिचय लिहिताना ‘आयडियल टीचर अवॉर्ड, जिल्हा परिषद, नाशिक’ आणि पुढे वर्ष, एवढेच लिहावे. जिल्ह्याची किती शाळांतून निवड झाली हा आकडा ठाऊक असेल तर तो जोडावा. ‘प्रेस्टिजिअस’ गाळावे, ‘लोकल’ही गाळावे, आणि दिल्लीहून शुल्क मागणारे पत्र आले असेल तर ते रद्दीत टाकावे.